सकाळी सातची पोटदुखी

पत्र:

‘माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. गेले चार महिने रोज सकाळी शाळेच्या वेळेला त्याचं पोट दुखतं. कधी मळमळतं, कधी रडू फुटतं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त-लघवी झाली, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल. सुट्टीच्या दिवशी पोट दुखत नाही, म्हणून घरातले म्हणतात नाटकं करतो. त्याच्या बाबांना वाटतं दोन रट्टे दिले की सुतासारखा सरळ येईल. सासूबाई म्हणतात, मी लाडावून ठेवलाय. तो दीड वर्षाचा असताना मी नोकरीवर परत रुजू झाले, त्याचा हा परिणाम असेल का? माझ्या सख्ख्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. “मामाच्या वळणावर गेलाय” असं कुणी म्हणालं की माझ्या पायाखालची जमीन सरकते. मोठी मुलगी साडेचौदा वर्षांची आहे. तीही याच घरात वाढली, तिचा काही म्हणजे काही त्रास नाही. मग यालाच का? माझं नेमकं कुठं चुकलं? खरं सांगा, दुखलं तरी चालेल.
— एक आई’

नमस्कार ताई,

खरं सांगा म्हणालात, तर आधी जे खात्रीनं सांगता येतं ते सांगते. त्याचं पोट खरोखर दुखतं. आतड्यांच्या भिंतींत मज्जापेशींचं मोठं जाळं असतं आणि मेंदूशी त्याचे निरोप सतत चालू असतात. मेंदूनं धोक्याची घंटा वाजवली की पोटात पीळ पडतो, हात गार पडतात, घशाला कोरड पडते. परीक्षेच्या दिवशी तुम्हीही कधीतरी चार वेळा बाथरूमला जाऊन आला असाल. ते काही नाटक नव्हतं. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही यावरून मुलगा खोटारडा ठरत नाही, घंटा कशापाशी वाजते एवढं फक्त कळतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. पत्रात चार कारणं आली आहेत: लाड, नोकरी, मामा आणि नाटकं. प्रत्येक कारणाला एक आरोपीही तयार आहे, आणि चारातल्या तीन ठिकाणी तो आरोपी तुम्हीच आहात. मामासुद्धा तुमच्याच माहेरचा!

मी या कामात नवीन होते तेव्हा एक चूक हमखास करायचे. मूल समोर येऊन बसलं की आईला पहिला प्रश्न विचारायचे, ‘हे कशानं सुरू झालं?’ मग ती बिचारी दहा वर्षं मागे जाऊन आपले गुन्हे शोधून आणायची. गरोदरपणात मी फार रडले होते. दूध लवकर तोडलं. एकदा रागाच्या भरात खोलीत कोंडलं होतं. एखादं कारण सापडलं की दोघींनाही हायसं वाटायचं. मुलाच्या त्रासात मात्र काडीचा फरक पडायचा नाही. ते सोडायला मला बरीच वर्षं लागली.

आईला पिंजऱ्यात उभं करायची खोड आमच्या शास्त्रालाही होती. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं आणि त्यानंतरची दोन दशकं ‘थंड काळजाच्या आयांमुळे मुलं अशी होतात’ हा समज तज्ज्ञांमध्येही चालला. अशा आयांना ‘रेफ्रिजरेटर मदर’ म्हणत. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीतही तेच झालं. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ असा शब्दप्रयोग लिहून ठेवला आणि तो पुढे कितीतरी वर्षं आयांच्या मानगुटीवर बसला. बर्नार्ड रिमलँड हे स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ. त्यांनी १९६४ साली ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीचा प्रश्न आहे अशी सज्जड मांडणी केली, तेव्हा कुठे तो समज ढासळायला लागला. दोन्ही कल्पना आज मोडीत निघाल्या आहेत. तुमच्या भावाच्या आजारात तुमच्या आईलाही हे ऐकावं लागलं असेल, तर तिलाही जरूर सांगा.

मग मुलांचे मनोविकार होतात तरी कसे? याचा स्वतंत्र अभ्यास १९८०च्या दशकापासून जोमानं सुरू झाला, आणि त्यातली दोन निरीक्षणं मला फार मोलाची वाटतात. पहिलं असं की एकाच गावाला अनेक वाटा जातात. दुसरं असं की एकाच वाटेनं निघालेली मुलं वेगवेगळ्या गावांना पोचतात.

पहिली गोष्ट तुमच्या मुलाच्या पोटदुखीवरूनच बघा. सकाळी पोट दुखतं म्हणून चार मुलं माझ्यासमोर आली, तर चौघांच्या कहाण्या वेगळ्या निघू शकतात. एकाला अनोळखी, गजबजलेल्या ठिकाणी जन्मापासूनच धास्ती वाटते. दुसऱ्याला मधल्या सुट्टीत दोन दांडगी मुलं गाठतात, आणि ती टॉयलेटमध्ये असतात म्हणून तो दिवसभर लघवी दाबून ठेवतो. तिसऱ्याला अक्षरं जुळवायला त्रास होतो. लहान वर्गांत पाठांतरावर निभावलं, आता धडे लांबले आणि वर्गात उभं राहून मोठ्यानं वाचायची वेळ आली. चौथ्याला शाळेची भीती नाहीच. त्याची आई मध्यंतरी आजारी होती आणि आपण घरी नसताना तिला काही झालं तर, या विचारानं त्याचा पाय उंबऱ्याबाहेर निघत नाही. पोटदुखी चौघांची सारखीच आणि वेळही सकाळी सातचीच. तिसऱ्याला धीर देऊन काही होणार नाही, त्याला वाचन शिकवावं लागेल. दुसऱ्याला तर धीर देणं हा अन्यायच, तिथे शाळेला कामाला लावलं पाहिजे.

तुमचा मुलगा यातला कोणता, हे मला पत्रावरून कळत नाही. तुम्हालाही ‘शाळेत काय होतं?’ असं विचारून कळणार नाही, कारण उत्तर ‘काही नाही’ असंच येतं. बारीक प्रश्न विचारा. मधल्या सुट्टीत कुणाजवळ बसतोस? शाळेतल्या टॉयलेटला जातोस का? कुठल्या तासाला घड्याळाकडे सारखं बघतोस? आम्ही घरी काय करत असू, असा विचार वर्गात येतो का? समोरासमोर बसवून विचारू नका. चालताना, कपड्यांच्या घड्या घालताना, म्हणजे त्याला तुमच्या डोळ्यात बघावं लागणार नाही अशा वेळी विचारा.

आता मामा. हा काटा खोल रुतलेला दिसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरात सुमारे एकाला हा आजार होतो. सख्ख्या मामाला किंवा काकाला असेल तर भाच्या-पुतण्यांत हे प्रमाण शंभरात साधारण तीन-चार. म्हणजे शंभरातली नव्वदहून जास्त भाचरं त्या आजाराशिवाय जगतात. हा आजार बहुतेक वेळा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशीत सुरू होतो, तेराव्या वर्षाआधी तो अत्यंत विरळा. शाळेच्या वेळेला पोट दुखणं ही त्याची चाहूल नव्हे.

मुळात रक्तातून आजार आयता उतरत नाही, उतरते ती प्रवृत्ती. अतिचंचलता-लक्षहीनता, म्हणजे एडीएचडी, किंवा ऑटिझम यांत आनुवंशिकतेचा भाग खूप मोठा असतो. चिंता आणि नैराश्यात तो त्या मानानं बराच कमी, ढोबळमानानं एक तृतीयांशाच्या आसपास. तोही एखाद्या ‘चिंतेच्या जनुका’तून येत नाही. शेकड्यांनी जनुकं, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. २००३ साली एका जनुकाचा फार गाजावाजा झाला होता. त्याचा आखूड प्रकार असणाऱ्यांना आयुष्यातले आघात नैराश्याकडे जास्त ढकलतात, असा तो निष्कर्ष. २०१९ मध्ये लाखो लोकांची माहिती तपासली तेव्हा त्याला आधार सापडला नाही. तेव्हा कुणी ‘रक्तातच आहे’ म्हणालं तर त्यांना म्हणावं, रक्ताचं गणित करायला बसलेल्या शास्त्रज्ञांचंही अजून ते जुळतंय.

लहानपणीच दिसते ती गोष्ट म्हणजे स्वभाव. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांसमोर हलती खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचातलं एक बाळ हातपाय झाडत रडायला लागायचं. बाकीची एकतर शांत बघत राहायची किंवा थोडी चुळबुळ करायची. त्या पाचातल्या एकाचं पुढे बुजरं, जपून वागणारं मूल होण्याची शक्यता जास्त असते, आणि बुजऱ्या मुलांना किशोरवयात चिंतेचा विकार जडण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो. पण मघाशी म्हटलेली दुसरी गोष्ट इथेच दिसते: या मुलांतली कितीतरी पुढे नुसतीच जरा संकोची, विचारी माणसं होऊन व्यवस्थित आयुष्य जगली. तुमचा मुलगा तान्हा असताना कसा होता, ते आठवून बघा. मिक्सर सुरू झाला की दचकून रडायचा का? नवीन माणूस आलं की तासभर कडेवरून उतरायचा नाही का? असेल तर ही प्रवृत्ती तुमच्या लाडांच्या आधीपासून आहे. चार महिन्यांच्या बाळाला कुणी लाडावून ठेवत नाही.

‘तीही याच घरात वाढली’ असं तुम्ही लिहिलंय. घर एक असलं तरी दोन मुलं एकाच घरात वाढत नाहीत. पहिल्या मुलाच्या वेळचे आई-बाबा वेगळे असतात, दुसऱ्याच्या वेळचे वेगळे. मुलीला मिळालेली वर्गशिक्षिका, मुलाला मिळालेला बाकावरचा जोडीदार, एकीला आलेलं आजारपण आणि दुसऱ्याला न आलेलं, हे सगळं निरनिराळं असतं. शिवाय प्रत्येक मूल आपल्या स्वभावानं आपलं घर घडवतं. धीट मुलीला तुम्ही ‘जा, खेळून ये’ म्हणता. बुजऱ्या मुलाला ‘थांब, मी येते बरोबर’ म्हणता. यात कुणाची चूक नाही, मूल जे मागतं ते आपण देतो. पण वर्षानुवर्षं त्याचे थर साचतात.

नोकरीबद्दल दोनच वाक्यं. अमेरिकेत १९९१ साली जन्मलेल्या तेराशेहून अधिक मुलांचा वर्षानुवर्षं माग काढला गेला, आणि आई नोकरीला गेली एवढ्यानं मुलाचं आईशी नातं बिघडतं असं त्यात दिसलं नाही. मूल कुणाच्या हाती किती तास होतं यापेक्षा घरातले लोक त्याच्याशी कसे वागत होते, याचा परिणाम जास्त होता. हा विषय इथे मिटवा.

आता जिथे खरं पाणी मुरतं त्या जागी येऊ. दुखणं कशानं सुरू झालं आणि ते आज कशाच्या जोरावर टिकलंय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर बरेचदा हाती लागत नाही. दुसऱ्याचं उत्तर रोज सकाळी तुमच्या डोळ्यांसमोर घडतं.

तुमच्या घरातली एक सकाळ मी कल्पनेनं उभी करते, चुकत असेन तर कळवा. पावणेसात वाजलेत. तो पलंगाच्या कडेवर बसलाय. एका पायात मोजा आहे, दुसरा हातात, आणि तो मोजा पाच मिनिटं झाली तरी हातातच आहे. ‘आई, पोट.’ तुम्ही घड्याळाकडे बघता. कपाळाला हात लावता. ‘काही होत नाही, ऊठ.’ तो बाथरूममध्ये जातो. तुम्ही दाराबाहेरून दोनदा हाक मारता. बाहेर येतो तो पांढराफटक, डोळ्यात पाणी. सात वाजून दहा मिनिटं. तुम्हालाही निघायचंय. तुमचा जीव तुटतो आणि तुम्ही म्हणता, ‘बरं, राहू दे आज.’

पुढची दहा मिनिटं नीट बघा. चेहऱ्यावर रंग परत येतो. पायातला मोजा निघतो. साडेसातला तो काहीतरी खायला मागतो.

हीच दहा मिनिटं घातक असतात. घंटा वाजली, पळालो आणि वाचलो, असा हिशेब मेंदू मांडतो. शाळेत गेलो असतो तर काय झालं असतं, ते कळायची संधीच मिळत नाही, त्यामुळे भीती तपासलीच जात नाही. सुटकेचं हे सुख फार जबरदस्त असतं, ते पुढच्या पळण्याची सोय करून ठेवतं. आणि ते सुख तुम्हालाही मिळतं! मूल शांत झालं की आईची धडधड थांबते. म्हणजे एकाच प्रसंगात दोघांचं शिक्षण होतं. त्याला कळतं की पोट दुखलं की थांबता येतं, तुम्हाला कळतं की थांबवलं की शांत होतो. कुणीही वाईट वागलेलं नसतं.

मग गुंता वाढतो. चार दिवस बुडाले की वह्या अपुऱ्या राहतात. गणिताचा नवा धडा डोक्यावरून जातो. मित्र विचारतात, ‘कुठं होतास रे?’ आणि याला उत्तर सुचत नाही. आता शाळेला घाबरायला नवीन, अगदी खरी कारणं तयार झाली. मित्रांची जोडी दुसऱ्याशी जमते. झोप उशिरा लागते, कारण रात्रीच उद्याची सकाळ दिसायला लागते, आणि झोप अपुरी झालेल्या मुलाची घंटा जास्तच हलकी होते, जरा धक्का लागला की वाजते. चार महिन्यांनी बघाल तर ज्या कारणानं हे सुरू झालं, ते कदाचित केव्हाच संपलेलं असेल. एखाद्या बाई बदलून गेल्या असतील, एखादा दांडगट मुलगा शाळा सोडून गेला असेल. दुखणं मात्र स्वतःच्या पायावर उभं असतं. बहुतेक मनोविकार एका घावात होत नाहीत. आधीचा स्वभाव, मग एखादा प्रसंग, मग टाळाटाळ, मग टाळाटाळीतून तयार झालेल्या नव्या अडचणी, अशी एकेक वीट रचली जाते.

आणि बाबांचा दिवस? त्या दिवशी रट्टा बसतो, आधीच वाजणाऱ्या घंटेवर दुसरी घंटा चढते. रडत-कढत तो पोचतो, दोन तासांनी शाळेतून फोन येतो. संध्याकाळी तुम्ही त्या रट्ट्याची भरपाई जास्त मायेनं करता, आणि तुमच्या मायेची भरपाई ते दुसऱ्या दिवशी जास्त कडकपणानं करतात. मुलगा या हिंदोळ्यात सापडतो. त्याच्या लेखी सकाळ म्हणजे सोडत: आज आई की बाबा? अनिश्चिततेवरच पोसणाऱ्या दुखण्याला याहून चांगलं खाद्य नाही. मारानं भीती जात नाही, एवढं त्यांना माझ्या नावानं सांगा. पण त्यांचं एक बरोबर आहे, आणि तेही सांगा: शाळेत जायलाच हवं.

भीती आणि विकार यांची सीमा कुठे, असं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. भीती वाढीचाच भाग आहे. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याला बघून रडतं, तीन-चार वर्षांचं अंधाराला भितं, शाळकरी वयात आई-बाबांच्या मरणाचे विचार येतात, किशोरवयात चारचौघांत हसं होण्याची भीती. त्या त्या वयाला हे शोभतं. ती आठवडेच्या आठवडे टिकली आणि तिनं मुलाची शाळा, झोप, दोस्ती यांतलं काही हिरावून घेतलं की तज्ज्ञ विकाराचा विचार करतात. ताटातुटीच्या चिंतेसाठी मुलांमध्ये चार आठवड्यांची मर्यादा धरतात. तुमच्याकडे चार महिने झालेत. म्हणजे ‘मोठा झाला की जाईल’ म्हणून वाट बघण्याचा काळ संपलाय.

आता करायचं काय. बालमानसतज्ज्ञ किंवा मुलांवर काम करणारे मानसोपचारतज्ज्ञ गाठा, आणि वाचन-लेखनाची अडचण आहे का हेही तपासायला सांगा. सीबीटी नावाच्या उपचारात मुलाला भीतीच्या पायऱ्या करून एकेक पायरी चढायला शिकवतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ७ ते १७ वर्षांची, चिंतेचे विकार असलेली ४८८ मुलं होती. १२ आठवड्यांनी सीबीटी घेणाऱ्या शंभरातल्या ६० मुलांत चांगली सुधारणा दिसली, सर्ट्रालिन हे औषध घेणाऱ्या ५५ मुलांत, दोन्ही मिळून घेणाऱ्या ८१ मुलांत, आणि नुसत्या खोट्या गोळीवर २४ मुलांत. औषध लागेल की नाही, ते तज्ज्ञ ठरवतील. घाबरूनही जाऊ नका, हट्टही धरू नका.

आणि एक गोष्ट खास तुमच्यासाठी. येल विद्यापीठात १२४ मुलांवर झालेली एक चाचणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात अर्ध्या मुलांना स्वतःला सीबीटी दिली. उरलेल्या मुलांना तज्ज्ञ भेटलेच नाहीत, त्यांच्या फक्त आई-वडिलांना शिकवलं: मुलाच्या भीतीची दखल कशी घ्यायची, आणि त्या भीतीसाठी घरानं लावून घेतलेल्या सवलती हळूहळू कशा काढायच्या. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. यावर घरात कुणीतरी म्हणेलच, ‘बघा, आई बदलली की मुलगा सुधारतो, म्हणजे बिघडवला आईनंच.’ त्यांना विचारा, चष्मा लावला की दिसतं, म्हणजे चष्मा नव्हता म्हणून नजर गेली का?

तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंत सकाळचं बोलणं बदला. ‘दुखत नाहीये’ म्हणू नका आणि ‘राहू दे’ही म्हणू नका. ‘दुखतंय, मला माहितीये. अवघड आहे. आपण निघतोय.’ एवढंच. आवाज रोजचा, सूचना देताना असतो तसा. वर्गशिक्षिकांना भेटून पायऱ्या ठरवा: पहिले काही दिवस फक्त पहिले दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पोट दुखलं तर त्यानं शाळेतच कुठे जाऊन दहा मिनिटं बसायचं, तेही ठरवा. घरी फोन करायचा नाही. सोडायला शक्यतो बाबांनी जावं, न ओरडता. आईपासून सुटायला जेवढं जड जातं तेवढं बाबांपासून जात नाही, असं पुष्कळ घरांत दिसतं, आणि त्यांनाही रट्ट्याऐवजी काहीतरी काम मिळेल. घरी राहिलाच तर दिवस कंटाळवाणा असू दे: मोबाइल नाही, टीव्ही नाही, शाळेच्या वेळात शाळेचीच पुस्तकं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस रडारड वाढेल, पण ते अपेक्षितच आहे, तेव्हा योजना मोडू नका. रात्री झोपेतून उठवणारं पोटदुखणं, ताप, शौचातून रक्त किंवा वजन घटणं यांतलं काही असेल तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे. आणि तो मरणाच्या, जगणं नको असल्याच्या गोष्टी बोलला किंवा स्वतःला इजा करताना दिसला, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. मरणाच्या विचारांबद्दल थेट विचारल्यानं मुलाच्या डोक्यात ते भरतं, हा गैरसमज आहे, तेव्हा शंका आली तर विचारा.

पुढचं आयुष्य कसं जाईल, ही भीती तुमच्या पत्राच्या ओळीओळीत आहे. हवाई बेटांतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी चाळीस वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरात व्यसन, आई-वडिलांचं मानसिक आजारपण अशी चार-चार ओझी ज्यांच्यावर होती, त्या मुलांतलीही एक तृतीयांश मुलं सक्षम, प्रेमळ, आपल्या पायावर उभी अशी मोठी झाली. किशोरवयात घसरलेल्यांतलेही पुष्कळ जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले. सावरलेल्यांना जोडणारा एक धागा वर्नर यांना पुन्हा पुन्हा दिसला: कुणीतरी एक मोठं माणूस, आई, आजी, शिक्षक, कुणीही, जे त्यांच्यावरून कधी हटलं नव्हतं. तुमच्या मुलाकडे ते माणूस आहे, त्यानंच मला पत्र लिहिलंय.

आता जाता जाता तुम्ही लिहिलेल्या एका वाक्याबद्दल. ‘तिचा काही म्हणजे काही त्रास नाही.’ ताई, मी तुमच्या मुलीला पाहिलेलं नाही, ती खरोखरच मजेत असेल. पण चार महिने घरातल्या सगळ्यांच्या नजरा एका मुलाच्या पोटावर खिळल्या असतील, तर दुसरं मूल फार लवकर शिकतं की आपण त्रास द्यायचा नाही. २०२१ साली जगभरातल्या १९२ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण झालं. सर्व मनोविकारांपैकी एक तृतीयांशाहून थोडे जास्त १४ व्या वर्षाआधी आणि जवळपास निम्मे १८ व्या वर्षाआधी सुरू होतात, आणि सुरुवातीचं सर्वांत गर्दीचं वय निघालं साडेचौदा. लहानपणी मुलगे-मुलींत नैराश्याचं प्रमाण साधारण सारखं असतं, वयात आल्यावर मुलींमध्ये ते मुलग्यांच्या जवळपास दुप्पट होतं. या वयात नैराश्य रडून दिसेलच असं नाही. चिडचिड, उशिरापर्यंत जागणं, मैत्रिणींचे फोन न उचलणं, आवडता छंद न कळत सुटणं, असंही ते दिसतं. शिव्याशाप आणि आदळआपट करणाऱ्या मुलाची तक्रार शाळेतून येते, आतल्या आत मिटत जाणाऱ्या मुलीची कुणी करत नाही.

मुलाचं काम उद्या सकाळी सातला सुरू करा. पण आज रात्री तो झोपल्यावर तिच्या खोलीत जा. भावाचा विषय काढू नका, अभ्यासाचा तर नाहीच. ‘तुझं कसं चाललंय?’ एवढंच विचारा. ‘काही नाही, ठीक’ म्हणेल. लगेच उठू नका, अजून दहा मिनिटं तिथेच बसून राहा.